खिळ्यांचा भाव, माणसांचा भाव

नोव्हेंबर १६३९मध्ये बॉस्टनमध्ये, मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीची विधानसभा आणि न्यायालय असलेल्या जनरल कोर्टापुढे, रॉबर्ट कीन हा व्यापारी उभा राहिला. आरोप चोरीचा नव्हता, मापात मारल्याचाही नव्हता. खिळे, सोन्याची बटणे, घोड्याचा लगाम असा इंग्लंडहून आलेला माल त्याने वाजवीपेक्षा जास्त नफा घेऊन विकला, एवढीच तक्रार होती. जास्तीत जास्त किती नफा घ्यावा हे सांगणारा कायदा त्या दिवशी अंमलात नव्हता, तरीही त्याला दोषी धरण्यात आले. लोकांच्या प्रतिनिधींनी २०० पौंड दंड सुचवला, मॅजिस्ट्रेटांना तो जड वाटला आणि शेवटी कीनने ८० पौंड भरले. त्यानंतर चर्चच्या मंडळीनेही त्याला बोलावून घेतले. तिथे त्याने डोळ्यांत पाणी आणून आपल्या लोभाची कबुली दिली, आणि मंडळीने त्याला ताकीद दिली.

त्यानंतर पाळक जॉन कॉटनने आपल्या व्याख्यानात व्यापाराचे नियमच मांडले. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपने ते रोजनिशीत उतरवून घेतले, म्हणून ते आज आपल्याला वाचता येतात. स्वस्तात स्वस्त घ्यावे आणि महागात महाग विकावे, हे तत्त्व खोटे आहे. जहाज बुडून माल गेला, तर उरलेल्या मालाचा भाव चढवून ते नुकसान गिऱ्हाइकाकडून वसूल करायचे नाही. ईश्वरी योजनेने ते नुकसान व्यापाऱ्याच्याच पदरात टाकले आहे. अक्कल कमी पडून महाग खरेदी केली असेल, तर तो तोटाही ज्याचा त्याने सोसायचा. मालाची खरोखरच टंचाई असेल तेव्हा मात्र भाव वाढवायला हरकत नाही. अर्थशास्त्र हा शब्दही रुळला नव्हता त्या काळात एक धर्मोपदेशक जोखीम कुणी उचलायची याचा इतका बारीक विचार करतो, हे मला थक्क करणारे वाटते.

या वसाहतकऱ्यांच्या कडव्या प्रॉटेस्टंट, म्हणजे प्युरिटन, धर्माने आधुनिक व्यापारी वृत्तीला जन्म दिला, की व्यापाराने त्या धर्माला आतून पोखरले? गेली सव्वाशे वर्षे हा प्रश्न विचारला जातो आहे. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९०४-०५मध्ये पहिल्या बाजूने कौल दिला. ईश्वराने प्रत्येकाला एका कामासाठी पाचारण केले आहे, ते काम शिस्तीने करणे हीच भक्ती, चैन वर्ज्य. अशा माणसाजवळ पैसा साठतो आणि तो पुन्हा धंद्यात जातो. मांडणी लखलखीत आहे, पण तिचा ठळक साक्षीदार बेंजामिन फ्रँकलिन आहे आणि फ्रँकलिन जन्मला १७०६मध्ये. कीनच्या पिढीला हा पुरावा लावताना मधले अंतर डोळ्याआड होते. इतिहासकार पेरी मिलरने विसाव्या शतकाच्या मध्यावर उलट चित्र रंगवले: उद्यमशीलतेमुळे संपत्ती आली आणि संपत्तीने धर्म पातळ केला. बर्नार्ड बेलिनने १९५५मध्ये व्यापाऱ्यांच्याच बाजूने पाहिले आणि त्यांना पहिल्या दिवसापासून या समाजात अवघडलेले दाखवले. त्यांचे सगेसोयरे आणि देणेकरी लंडनमध्ये, त्यांचे हिशेब अटलांटिकभर पसरलेले, आणि राहायचे मात्र पाळकाच्या नजरेखाली. १६३७मध्ये ॲन हचिन्सनने पाळकांच्या अधिकारालाच आव्हान दिले, तेव्हा बॉस्टनचे कितीतरी व्यापारी तिच्या बाजूने उभे राहिले, याकडे बेलिनने लक्ष वेधले आहे.

पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी ही ओढाताण सैल केली. स्टीफन इनिस यांच्या मते प्युरिटनांचे कायदे, करार पाळण्याची सवय आणि कामाचा मान यांनीच तिथला विकास उभा केला. मार्क व्हॅलेरी यांनी २०१०मध्ये पाळकांची प्रवचने आणि व्यापाऱ्यांच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्या. उपदेशाची भाषाच पिढीगणिक बदलत गेली, असे त्यांना आढळले. कॉटनला पाप वाटणारी गोष्ट पुढच्या शतकातल्या पाळकांना ईश्वरी व्यवस्थेचा भाग वाटू लागली. धर्म बाहेरून हरला नाही, त्याने आपली समजूत आतून बदलली.

हे सगळे वाचल्यावर मला वाटते, या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर हाती लागत नाही. वाजवी भावाचे संरक्षण नेमके कुणाला होते? कीनकडून खिळे घेणारा शेजारी मंडळीतला भाऊ होता. भावाला नाडायचे नाही, हा नियम कडक होता. जो भाऊ नव्हता त्याचे काय, हे पाहायला किनाऱ्यावर उतरावे लागते.

पण किनाऱ्यावर जाण्याआधी थोडे मागे जायला हवे. या वसाहतींच्या मुळाशीच भांडवल होते. १६२०मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी प्लिमथला आले, ते लंडनच्या गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन. करार असा की सात वर्षे सगळी मिळकत सामाईक ठेवायची आणि मग वाटणी करायची. पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसे गेली. सामाईक शेती नीट पिकेना, तेव्हा १६२३मध्ये गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने घरटी मक्याचे तुकडे नेमून दिले आणि पीक वाढले. १६२७मध्ये वसाहतकऱ्यांनी १८०० पौंडांना गुंतवणूकदारांचे भाग विकत घेतले आणि ते कर्ज फेडण्यात त्यांची पुढची बरीच वर्षे गेली. फेड मुख्यतः केनेबेक नदीवरून आणलेल्या बीव्हरच्या कातड्यांनी झाली. ती कातडी मिळवण्यासाठी शिंपल्यांचे मणी लागत. लाँग आयलंडच्या सामुद्रधुनीकाठचे मूळ रहिवासी ते घासून, भोक पाडून, माळांत ओवत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३७पासून १६६१पर्यंत हे मणी कायदेशीर चलन होते. इंग्रजांनी अशा रीतीने त्या लोकांच्या हस्तकौशल्यावर आपला बाजार उभा केला.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट तर मासळीपासूनच सुरू होते. इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टरचा पाळक जॉन व्हाइट याला चिंता होती, ती महिनोन्महिने अमेरिकेच्या किनाऱ्यावर कॉड पकडणाऱ्या खलाशांची. तिथेच गाव वसवले तर त्यांना धान्य मिळेल आणि प्रवचनही. या विचारातून १६२३च्या सुमारास केप ॲनला वस्ती झाली. ती तीन वर्षांत मोडली. उरलेली माणसे दक्षिणेला सरकली आणि त्यांच्या गावाचे पुढे सेलम झाले. १६२९मध्ये राजाने मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला सनद दिली. दुसऱ्या वर्षी विन्थ्रॉप सुमारे हजार माणसे घेऊन निघाला, तेव्हा त्याने ती सनदच बरोबर नेली. त्यामुळे भागधारकांची सभा हीच वसाहतीची विधानसभा झाली. १६३१मध्ये ठरले की या सभेत मत द्यायचे तर चर्चचे सभासद असले पाहिजे. भागभांडवलाच्या जागी विश्वास आला, चौकट कंपनीचीच राहिली.

सभासद होणेही सोपे नव्हते. १६३०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या अंतःकरणात ईश्वरी कृपेचे काम कसे घडले, हे मंडळीपुढे सांगून पटवावे लागे. कर आणि प्रवचन मात्र सगळ्यांनाच होते. १६३३मध्ये कोर्टाने कुशल कारागिराची मजुरी दिवसाला दोन शिलिंगांवर बांधली आणि इंग्लंडमधल्या रोखीच्या किमतीवर शिलिंगामागे चार पेन्सपेक्षा, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा, जास्त नफा घ्यायला मनाई केली. दोन वर्षांत हे नियम मागे घ्यावे लागले. कायदा मागे गेला, तरी मनातला नियम राहिला. कीनवर चालला तो त्याच नियमाचा खटला.

पहिल्या दहा वर्षांत सुमारे वीस हजार माणसे आली आणि अर्थव्यवस्था त्यांच्यावरच चालली. जुने लोक नव्यांना गुरे आणि धान्य विकत. नवे लोक रोकड आणि इंग्रजी माल आणत. १६४०मध्ये इंग्लंडमध्ये पार्लमेंट भरले, तिथेच सुधारणा होईल अशी आशा वाढली आणि जहाजे यायची थांबली. वीस पौंडांची गाय चार-पाच पौंडांना मिळू लागली. परदेशी माल घ्यायचा तर बदल्यात काय द्यायचे? लाकूड होते, धान्य होते. पण जगाच्या बाजारात हमखास खपणारी वस्तू एकच, ती म्हणजे खारवलेला कॉड.

सेलमचा पाळक ह्यू पीटर मासेमारीसाठी आधीपासूनच गावोगाव पैसा उभा करत होता. १६३९मध्ये कोर्टाने मच्छीमारी नौकांना आणि मालाला सात वर्षे करमाफी दिली आणि हंगामात कोळ्यांना लष्करी कवायतीतून मोकळे केले. काम कष्टाचे होते. दोघेतिघे माणसे उघड्या नौकेतून गळ टाकत. किनाऱ्यावर एकाने डोके उडवायचे आणि काळीज तेलासाठी पिपात टाकायचे, दुसऱ्याने एका झटक्यात कणा सोडवून मासा उघडा पसरायचा, तिसऱ्याने मीठ मारायचे. मीठ जास्त झाले तर मासा जळतो, कमी झाले तर सडतो. मग धुऊन, आपल्याकडे बोंबलांसाठी वलांडी उभारतात तशा उंच माचाणांवर तो वाळत टाकायचा. पावसाचे चिन्ह दिसले की पालथा करायचा, रात्री गोळा करायचा. वाळल्यावर प्रतवारी. उत्तम माल स्पेन, पोर्तुगाल आणि माडेराकडे जाई, जिथे कॅथलिक लोक उपासाच्या दिवशी मासा खात. त्यातून वाइन, मीठ आणि लंडनवरच्या हुंड्या मिळत. तुटलेला, जळलेला, कुणी न घेणारा मासा वेस्ट इंडिजच्या ऊसमळ्यांवर जाई. तिथल्या गुलामांचे ते अन्न होते.

हे काम करणारे बहुतेक लोक प्युरिटन नव्हतेच. मार्बलहेडमध्ये इंग्लंडच्या पश्चिमेकडून आणि जर्सी बेटावरून आलेले कोळी राहत. तिथे रीतसर मंडळी स्थापन झाली ती १६८४मध्ये, म्हणजे वस्तीला अर्धशतक उलटून गेल्यावर. पाळक कॉटन मॅथरने १७०२मध्ये एक आठवण छापली आहे: अशाच एका किनारी गावात उपदेशक सांगत होता की आपण इथे धर्मासाठी आलो, तेव्हा श्रोत्यांतल्या एकाने त्याला मध्येच दुरुस्त केले, की बॉस्टनचे लोक आले असतील धर्मासाठी, आम्ही आलो मासे धरायला. ही आठवण गमतीने सांगितली जाते. मला तिच्यात त्या माणसाचा स्वाभिमान दिसतो. त्याच्या श्रमावर सबंध वसाहत उभी होती आणि सभेत त्याला मत नव्हते.

डॅनियल विकर्स यांनी मॅसॅच्युसेट्सच्या एसेक्स परगण्यातल्या जुन्या खातेवह्या वाचून १९९४मध्ये दाखवले, की कोळी व्यापाऱ्याला बांधलेला होता तो उचलीने. पाव, डुकराचे मांस, दोर, गळ, मीठ, रम सगळे हंगामाआधी व्यापारी देई. मासळी आली की त्यातून वळते करून घेई. बाकी क्वचितच फिटे. उचल घेतलेल्याने मासळी दुसऱ्याला घालायची नाही. इथे वस्तूंचा भाव व्यापारी लावी आणि मासळीचाही बहुधा तोच. क्रिस्टिन हायर्मन यांनी ग्लॉस्टर आणि मार्बलहेड या गावांचा अभ्यास करून १९८४मध्ये मांडले, की पुढच्या काळात व्यापार वाढूनही या गावांतले धर्मजीवन विरले नाही, उलट घट्ट झाले. मिलर यांच्या मांडणीला हे जबरदस्त उत्तर आहे. पण गाव एकजीव झाले म्हणजे वहीतली बाकी सुटली, असे होत नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले पाहिजेत.

धर्म सारखाच असताना अर्थव्यवस्था किती वेगळी होऊ शकते, याची साक्ष प्रॉव्हिडन्स बेट देते. निकाराग्वाच्या किनाऱ्यासमोरच्या या बेटावर १६३०मध्येच इंग्लंडच्या बड्या प्युरिटन धुरीणांनी वसाहत काढली; वॉरिकचा अर्ल त्यात होता आणि पार्लमेंटचा नेता जॉन पिम कंपनीचा खजिनदार होता. पाळक होते, प्रार्थना होत्या, हेतूही तसेच शुद्ध सांगितले जात. कॅरन कुपरमन यांनी १९९३च्या ग्रंथात दाखवले, की तिथे वसाहतकऱ्यांना जमिनीची मालकी मिळाली नाही, निम्मे पीक कंपनीला द्यावे लागे आणि कारभार लष्करी होता. तंबाखू, कापूस, मग स्पॅनिश जहाजांची लूट आणि झपाट्याने वाढणारी गुलामी, असा तिचा प्रवास झाला. १६३८मध्ये तिथे आफ्रिकी गुलामांनी उठाव केला आणि १६४१मध्ये स्पेनने बेट जिंकून घेतले. वेबरचे सूत्र इथे अडखळते. जमीन कुणाच्या नावावर, हा प्रश्न पाचारणाइतकाच वजनदार ठरतो.

आणि या बेटाचा बॉस्टनशी थेट संबंध आहे. १६३७मध्ये इंग्रजांनी पीक्वॉट या मूळ रहिवाशांशी युद्ध केले. मिस्टिक नदीजवळची त्यांची वस्ती पेटवली आणि शेकडो माणसे, बायका-मुलांसकट, मारली. कैद्यांपैकी पंधरा मुलगे आणि दोन स्त्रिया विल्यम पीअर्स या कप्तानाबरोबर विकायला पाठवल्या. जायचे होते बर्म्युडाला, जहाज पोहोचले प्रॉव्हिडन्स बेटावर. फेब्रुवारी १६३८मध्ये पीअर्सचे ‘डिझायर’ हे जहाज बॉस्टनला परतले तेव्हा त्यात कापूस, तंबाखू, मीठ आणि आफ्रिकी माणसे होती. जहाज मार्बलहेडमध्ये बांधलेले होते. विन्थ्रॉपने या गोष्टी त्याच रोजनिशीत, सरळ नोंद म्हणून लिहिल्या आहेत, जिच्यात पुढे कीनचा खटला येतो. दोहोंमध्ये दोन वर्षांचेसुद्धा अंतर नाही. खिळ्यांवर दोन पेन्स जास्त घेणे हे पाप ठरले. माणूस विकण्यावर कुणी प्रवचन दिले नाही.

१६४१च्या कायदेसंहितेने तर हे लिहूनच ठेवले. गुलामगिरी नको, असे म्हणून तिने अपवाद काढले: न्याय्य युद्धात पकडलेले कैदी आणि विकले गेलेले परके. यात सगळे आले. मार्गरेट न्यूएल यांनी २०१५मध्ये मूळ रहिवाशांच्या आणि वेंडी वॉरेन यांनी २०१६मध्ये आफ्रिकी लोकांच्या गुलामीचा इतिहास लिहून न्यू इंग्लंडची, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससारख्या या वसाहतींच्या प्रदेशाची, सोवळी प्रतिमा कायमची बदलली. वॉरेन यांचे म्हणणे मला निर्णायक वाटते: या वसाहतींत गुलाम संख्येने थोडे असले, तरी वसाहतींची भाकरी बार्बाडोसच्या उसावर अवलंबून होती. १६४०च्या दशकात तिथले मळेवाले साखरेत इतके गुंतले की अन्न बाहेरून विकत घेऊ लागले. ते अन्न, घोडे, पिपांची लाकडे आणि टाकाऊ मासा न्यू इंग्लंडने पुरवला. १६४०ची मंदी त्यांनी ओलांडली ती या पुलावरून.

पैसा आला तसे त्याचे रूपही पालटले. १६५२मध्ये बॉस्टनने स्वतःची टांकसाळ काढली. टांकसाळीचा प्रमुख जॉन हल हा चर्चमधला निष्ठावंत सभासद आणि मोठा जहाजमालक. जहाजे बुडाली, लुटली गेली, की तो त्यात ईश्वराचा हात पाही आणि आपले चित्त संसारातून काढून घेण्याची ती खूण समजे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नवा माल भरी. वेबरचा माणूस कुठे सापडत असेल, तर तो हलच्या रोजनिशीत. कीननेही १६५३मध्ये मृत्युपत्र लिहायला घेतले आणि ते नोंदवहीत दीडशेहून अधिक पाने भरले. त्यात जुन्या दंडाविरुद्धची कैफियत आहे आणि बॉस्टनला बाजार व सभागृह बांधायला ३०० पौंडही आहेत. ज्या मंडळीने त्याला लाजवले तिच्यातून तो बाहेर पडला नाही, आणि आपण निर्दोष आहोत हे म्हणणेही सोडले नाही. इतक्या वर्षांनीही हे मृत्युपत्र वाचताना त्या माणसाची जखम ओली वाटते.

सेलमच्या १६९२च्या चेटूक खटल्यांवर बॉयर आणि निसेनबॉम यांनी १९७४मध्ये याच वादाची चौकट बसवली होती: आतल्या शेतकरी खेड्याने बंदरातल्या व्यापारी शहराविरुद्ध काढलेला राग. एकोणीस जणांना फाशी झाली. त्यांचा नकाशा नंतर तपासला गेला आणि आरोप करणारे पश्चिमेला व आरोपी पूर्वेला ही विभागणी तितकी स्वच्छ टिकली नाही. अर्थकारणाने सगळे उलगडते असे मानण्याचा मोह तिथे जरा जास्तच झाला होता.

याच सेलमशी मराठीचा एक धागा जोडलेला आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी तिथल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये, प्युरिटनांचीच परंपरा सांगणाऱ्या मंडळीत, पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये मुंबईत पोहोचले. अमेरिकन मराठी मिशन, तिच्या शाळा आणि छापखाना आणि १८४२मध्ये अहमदनगरला निघालेला ‘ज्ञानोदय’ हा सगळा विस्तार तिथून होतो. या मिशनमागेही बॉस्टन आणि सेलमच्या समुद्री व्यापाराचा पैसा होता. आपल्या एकोणिसाव्या शतकाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्या पैशाचा माग आणखी मागे, सतराव्या शतकातल्या बंदरांपर्यंत, काढायला हवा.

भाऊ आणि परका यांच्यातली ती रेघ आतून कुणी ओलांडली का? एकाने ठळकपणे ओलांडली. सॅम्युएल स्युअल हा जॉन हलचा जावई, स्वतः व्यापारी आणि चेटूक खटल्यांतला न्यायाधीश. १६९७च्या जानेवारीत, उपासाच्या दिवशी, बॉस्टनच्या चर्चमध्ये तो उभा राहिला आणि पाळकाने त्या खटल्यांतल्या दोषाचा त्याचा कबुलीजबाब सगळ्यांपुढे वाचला. तीन वर्षांनी, १७००मध्ये, त्याने माणसांच्या विक्रीविरुद्ध पत्रक छापले. सगळे आदामाची लेकरे, म्हणून सगळ्यांचा स्वातंत्र्यावर सारखा हक्क, असा त्याचा युक्तिवाद होता. जॉन कॉटनने खिळ्यांच्या भावाला लावलेली सदसद्विवेकाची कसोटी इथे पहिल्यांदा माणसाच्या भावाला लागली. त्याला छापील उत्तर दिले ते जॉन सेफिन या व्यापारी न्यायाधीशाने. सेफिनने ॲडम नावाच्या आपल्या गुलामाला सात वर्षांच्या चाकरीनंतर मुक्त करण्याचा लेखी शब्द दिला होता आणि मुदत संपल्यावर तो नाकारला होता. ॲडम दबला नाही. तो स्युअलकडे गेला, कोर्टात गेला, आणि १७०३मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्याला स्वतंत्र ठरवले. निकाल लागला तो दिलेल्या शब्दावर. गुलामगिरीचा कायदा जागच्या जागी राहिला. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांनी तिचा पायाच काढून घेतला, तो १७८०च्या दशकात, आणि तेव्हाही कोर्टात दाद मागायला आधी पुढे झाले होते ते गुलामच.